तलावातली उडी
ओल्या शेवाळाचा वास आला की मला नववीतली ती दुपार आठवते. आम्ही पनवेलला नवीनच राहायला आलो होतो आणि वर्गातल्या तिघीजणींनी मला नुकतंच आपल्यात घेतलं होतं. शाळा सुटल्यावर आम्ही तलावाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. त्यातली एक म्हणाली, "मार बघू उडी. तुझ्यात दमच नाय." मला पोहता येत नव्हतं. एकटी असते तर पाण्याजवळही गेले नसते, पण तिघी बघत होत्या, म्हणून दप्तर खाली ठेवलं आणि गणवेशासकट उडी मारली. नाकातोंडात हिरवं पाणी गेलं, पाय गाळात रुतले. काठावर कपडे धुणाऱ्या एका बाईने दंड धरून मला बाहेर ओढलं. खोकला थांबल्यावर वर पाहिलं, तर पायऱ्यांवर माझं दप्तर तेवढं होतं. "पळाल्या त्या," बाई म्हणाली, "घरी आई हाय ना? जा." घरी मी पाय घसरल्याचं सांगितलं. आई माझे केस पुसत राहिली, आणि खरं सांगावं असं आपलं कुणीच नाही, असं मला वाटलं. परवा मुलीच्या शाळेत एक डॉक्टर सांगत होत्या, की त्या वयात पुढच्या परिणामांचा विचार करणारा मेंदूचा भाग अजून तयार व्हायचा असतो, आणि मित्रमैत्रिणी समोर असले की धोका कळूनही मुलं मागे फिरत नाहीत. संध्याकाळी मी आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच ठाऊक होतं गं. पाय घसरला असता तर दप्तरही भिजलं असतं. तू सांगशील म्हणून वाट बघत होते."