डांबर लागलेली बोटं

शाळेतून आलेल्या लेकीने हात पुढे केले. नखांत काळंकुट्ट डांबर. साबणाने ते निघेना, म्हणून मी खोबरेल तेल घेऊन तिची बोटं चोळायला बसले.

इथे आयर्लंडमध्ये, दहावीच्या वयात, शाळा मुलांना एक अख्खं वर्ष मोकळं देते. बोर्डाची परीक्षा नाही. नाटक बसवा, वृद्धाश्रमात काम करा, होडी बांधा. हिने होडी घेतली आहे. लाकडी पट्ट्यांवर कापड ताणायचं आणि वरून डांबर फासायचं.

मला मात्र चैन पडत नाही. आमच्या सांगलीत कुणाची तापामुळे परीक्षा हुकली, तरी ‘वर्ष वाया गेलं’ म्हणून घरादाराचे चेहरे सुतकी व्हायचे. इथे तर हौसेने वर्ष सोडतात! तिकडे हिच्या वयाची मुलं क्लासला जात असतील, पुढे निघून जात असतील. पुढे म्हणजे कुठे, ते मलाही सांगता येणार नाही. पण जात असतील.

“निदान गणित तरी चाळत जा गं.”

“आई, यंदा नको ना.” मग तिने सहज विचारलं, “तुला असं वर्ष मिळालं असतं, तर तू काय केलं असतंस?”

दहावी, बारावी, पदवी, नोकरी, लग्न. माझं एकही वर्ष वाया गेलेलं नाही. मी तळहातावर आणखी थोडं तेल घेतलं.

डांबर केव्हाच निघालं होतं. मी आपली तिची बोटं चोळतच राहिले.