उजव्या हाताची हत्यारं

वर्षअखेरच्या सुट्टीला चिरंजीव घरी आले की बापासाठी हटकून एखादं हत्यार आणायचे. कधी पटाश्या, कधी करवत, कधी गिरमिट. चकचकीत कागदात गुंडाळलेलं, वर फीत बांधलेली. सुताराला हत्यार भेट द्यावं यात वावगं काही नाही, उलट पोराचं कौतुकच करायला हवं. पण ही सगळी हत्यारं उजव्या हाताची, आणि मिस्त्री डावखुरा.

होय, सख्ख्या मुलाला एवढंही माहीत नव्हतं! बरं, त्याला तरी काय बोलणार? मिस्त्री जेवायचा उजव्या हाताने, सही करायचा उजव्या हाताने. लहानपणी आईने डाव्या हातावर उलथनं हाणून हाणून ती सवय लावली होती. लाकूड समोर आलं की मात्र डावा हात आपोआप पुढे व्हायचा. ते दिसायचं फक्त कारखान्यात. कारखाना कसला, घरामागची पत्र्याची लांबट खोली. आणि तिथे मुलाने पाऊल टाकायचं नाही हा फतवा खुद्द मिस्त्रीचा. "भुश्शात लोळताना दिसलास तर तंगडी मोडीन. पुस्तक घे!" पोराने पुस्तक घेतलं, शिकला, मोठ्या शहरात नोकरीला लागला. बापाचा हात बघायचा तेवढा राहून गेला.

नव्या हत्यारांच्या मुठींना बोटांसाठी खळगे असायचे, उजव्या पंजाच्या मापाचे. डाव्या हातात धरलं की अंगठा कुठे ठेवावा कळेना. "छान आहे," म्हणून मिस्त्री ते घ्यायचा आणि कपाटात टाकायचा. मुलगा यायच्या आदल्या दिवशी मात्र सगळी ओसरीवर काढून त्यांच्यावर भुस्सा चोळायचा, वापरल्यासारखी दिसावीत म्हणून.

"अहो, एकदा सांगून टाका ना त्याला," बायको म्हणायची.

"का सांगू? बाप कुठल्या हाताने काम करतो हे पोराला सांगावं लागतं? दिसेल की त्याला."

"दिसायला तुम्ही आत कधी येऊ दिलंत?"

 यावर मिस्त्री उगाचच चहा गार झाल्याची कुरकुर करायचा.

त्या वर्षी मुलाचा फोन आला तो वेगळाच. "बाबा, आता वय झालं. या सुट्टीत कारखान्याचं काय ते ठरवून टाकू. खोली पाडली की माझी गाडी तिथे आरामात लागेल." मिस्त्रीचा जीव टांगणीला लागला. सकाळी उठून त्या खोलीत जायचं नाही, तर मग जायचं तरी कुठे? अर्धवट झालेल्या दोन खुर्च्या आत पडल्या होत्या. त्याच्या हातच्या खुर्चीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

मुलगा आला. कागद फाडला, आतून खाच पाडायचा रंधा निघाला. लोखंडी, देखणा, बाजूला फळीच्या कडेला लागून चालणारी पट्टी. मुलगा म्हणाला, "चला, चालवून दाखवा. मी फोनवर व्हिडिओ करतो. हात अजून चालत असेल तर कारखाना राहील, शब्द देतो."

मिस्त्रीला हसूच आलं. एवढंच ना? शिवाय मुलगा आज पहिल्यांदाच आत येत होता. आज दिसेलच त्याला.

पट्टी उजव्या हाताच्या सोयीची होती. मिस्त्रीने ती काढून टाकली, फळीवर एक सरळ काठी ठोकली आणि तिच्या आधाराने रंधा डाव्या हाताने पुढे रेटला. खाच सुतासारखी सरळ पडायला लागली.

"अहो बाबा, उलटं धरलंय तुम्ही!" मुलगा हसत पुढे आला. "आणि ही पट्टी का काढली? खोक्यावर चित्र आहे बघा." त्याने पट्टी परत बसवली, बापाचा उजवा हात धरून मुठीवर ठेवला आणि वरून आपल्या मऊ तळव्याने दाबला. "असं."

आता बोल ना, मेल्या! पण मिस्त्रीला बोलवेना. कित्येक वर्षांत पोराने त्याचा हात धरला नव्हता. त्यात चेहऱ्यावर केवढा आनंद, बापाला शिकवतोय! नाही कसं म्हणायचं? त्याने उजव्या हाताने रंधा रेटला. रंधा अडकला, वाकडा गेला, फळीची कड फुटून आली. पुन्हा रेटला. पुन्हा तेच.

मुलाने फोन खाली घेतला. "राहू द्या, बाबा." अगदी मायेने म्हणाला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन दारात आली. "अरे, उजव्या हातात काय दिलंस? डावखुरे आहेत ते!"

"आई, पुरे. जेवतात कुठल्या हाताने? त्यांना वाईट वाटू नये म्हणून काहीही सांगू नकोस."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने आपला जुना लाकडी रंधा डाव्या हातात उचलला. हात रागाने थरथरत होता. पोराला वाटलं, वयाने. त्याने रंधा हळूच काढून घेतला आणि बापाच्या खांद्यावर थोपटलं.

महिन्याभरात पत्रे उतरले. दोन खुर्च्या तशाच अर्धवट भंगारात गेल्या.

पुढच्या सुट्टीत मुलाची गाडी त्या जागेवर लागली. टपावर या वर्षीची भेट बांधलेली होती, आरामखुर्ची. भुस्सा दाबून केलेल्या फळ्यांची, वर लाकडाचं चित्र चिकटवलेली. पाठ मागे करायचा दांडा उजवीकडे होता.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मग ती चहा ठेवायला आत गेली.

मुलाने खुर्ची उतरवली, मिस्त्री बसला. उजव्या हाताने दांडा ओढला.

"जमतंय ना?" मुलाने विचारलं.

"छान आहे," मिस्त्री म्हणाला.