हनुवटीवरचा पिवळा

उन्हं तापू लागली की झाशीत आमच्या अंगणावर हिरवी जाळी चढते आणि पाऊस स्थिरावला की उतरते. मधल्या महिन्यांत दुपारी अंगणात बसलेल्या प्रत्येकाचा चेहरा हिरवट दिसतो. हे मला या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं. मुलीनं चित्र काढलं तेव्हा कळलं, आणि तेही मी आधी चूक म्हणूनच दाखवलं.

मुलगी चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यांच्या वर्गात तेव्हा उत्तर-दृक्प्रत्ययवादी, म्हणजे पोस्ट-इम्प्रेशनिस्ट, चित्रकारांचा अभ्यास चालू होता. रोजचं घर, रोजची माणसं, पण रंग डोळ्यांना जाणवतो तसा. सावलीत काळा घालायचा नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं अंगणातल्या दुपारच्या जेवणाचं चित्र काढलं. बाकाखाली गडद निळं. चुन्याची पांढरी भिंत फिकट जांभळी. चेहऱ्यांवर हिरवट झाक. जाड, आखूड फटकारे सगळे एकाच अंगाला झुकलेले, उन्हाळ्यातली गरम लू वाहत असावी तसे. मधोमध माझे वडील, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, आणि त्यांना वरणभात भरवणारी आई.

अण्णांची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली. बोलणं अडखळतं, समज शाबूत आहे. ओठांच्या कडेनं लाळ येते, म्हणून गळ्याभोवती पंचा असतो. पंचा पिवळा आहे, कारण त्यावर वरणाचे डाग दिसत नाहीत. ती निवड आईची. चित्रात सगळ्यात उजळ तोच होता. त्याचा पिवळा वर अण्णांच्या हनुवटीवर चढला होता आणि आईच्या मनगटावरही थोडा आला होता.

मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासतो आणि कापतो. चित्रही तसंच तपासलं.

"भिंत जांभळी कुठे आहे आपली? आणि चेहरे हिरवे?"

"दुपारी अंगणात बसून बघा ना, बाबा. तुम्ही तर आत कूलरसमोर जेवता."

"म्हणून मी चित्रात नाही?"

"नव्हता तर कसा काढू?"

चित्र मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात लागणार होतं. इथली जुनी मराठी घरं मोजकी; उत्सवात सगळी येतात. अण्णा छावणीतल्या कचेरीत नोकरीला होते, आणि मंडळात दर वर्षी प्रास्ताविक तेच करत. कडक इस्त्रीचा सदरा, खणखणीत आवाज. आजारानंतर ते तिथे गेलेले नाहीत. घरी कोणी आलं की मी अंगणाचं दार ओढून घेतो आणि "अण्णा झोपलेत" म्हणतो.

"पंचा काढून टाक," मी मुलीला म्हटलं. "उपरणं कर. पांढरं."

"पंचा काढला तर चित्रात उजेड कुठून येणार?"

"उजेड आकाशातून येतो."

दोन दिवसांनी चित्रातल्या अण्णांच्या खांद्यावर पांढरं उपरणं होतं, निळसर घड्यांचं. मला बरं वाटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी आईनं अण्णांना सदरा घातला, वर पिवळा पंचा बांधला.

"गर्दी असते तिथे. त्यांना त्रास होईल," मी म्हणालो.

"त्यांना, की तुला?" आईनं विचारलं आणि चाकाच्या खुर्चीचा ब्रेक काढला.

सभागृहात लोक खुर्चीभोवती जमले. मंडळाचे एक जुने सभासद चित्राकडे बघून म्हणाले, "वा अण्णा! उपरणं काय शोभतंय! आत्ता उठून प्रास्ताविक कराल असं वाटतंय. भाभी से पूछो, नजर उतारी कि नहीं?" सगळे हसले. आईसुद्धा हसली.

अण्णा हसले नाहीत. ते बराच वेळ चित्र बघत राहिले. मग डाव्या हातानं त्यांनी स्वतःच्या हनुवटीला हात लावला आणि बोट चित्रातल्या हनुवटीकडे केलं.

"पिवळं… कुठून?"

तेव्हा मला दिसलं. पंचा गेला होता, पण त्याचा उजेड हनुवटीवर तसाच राहिला होता. डेस्कवर अशी चूक होते. घाईत बातमीतून माणूस कापला जातो आणि खाली त्याचं विधान राहून जातं. नवख्यांना मी त्यावरून झापतो.

"पंच्याचं आहे ते," आई म्हणाली. "पंचा कुठे गेला गं?"

"बाबांना विचार, आजी."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. गळ्यातला पंचा डाव्या हातानं ओढून काढला, नातीपुढे धरला, आणि प्रत्येक शब्दाला थांबत म्हणाले, "हा… काढ. ते… मी नाही."

बोलण्याच्या त्या श्रमानं लाळ आली. सदऱ्यावर पडली. मुलीनं पंचा माझ्या हातात दिला, कारण खुर्चीच्या सर्वांत जवळ मी होतो. मी आधी आजूबाजूला पाहिलं, कोण बघतंय ते. मग पुसलं. अण्णांची नजर माझ्यावरच होती. माझं ते आजूबाजूला पाहणं त्यांनी पाहिलं. आईनं माझ्या हातातून पंचा घेतला, त्यांच्या गळ्याभोवती नीट बांधला आणि खुर्ची पुढच्या चित्राकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी मुलगी चित्र घरी घेऊन आली. अंगणात टेकवून ठेवलं. मी म्हटलं, "आजच कर. पंचा आहेच समोर."

तिनं वर बोट दाखवलं. जाळी उतरली होती. अण्णा बाकाशेजारी बसले होते, आकाश थेट त्यांच्यावर आलं होतं, आणि चेहऱ्यावर हिरवा कुठेही नव्हता.

"नुसता पंचा घालून नहीं चलेगा, बाबा. हनुवटी, मनगट, भिंत, सगळं एकाच उजेडातलं आहे. तो आता पुढच्या एप्रिललाच."

"एप्रिल," अण्णा म्हणाले.

आई वरणभात कालवत होती. मी माझं ताट बाहेर आणलं.