पहिला मान हरलेल्याचा

“आज कुणाला बोलणी बसली?” ताटं मांडली की भाऊ पळी वर धरून विचारायचे. साहेबाने ज्याला सगळ्यांत जास्त झापलं असेल, त्याच्या ताटात माशाची पहिली तुकडी पडायची. “पहिला मान हरलेल्याचा.” त्यामुळे आमच्या खोलीत जो तो आपली फजिती फुगवून सांगायचा. मीही सांगायचो, खोटं कशाला बोलू?

हा नियम अमेरिकेतला. भाऊ मात्र गुहागरहून थेट बहारीनला आलेले. सित्रा बेटावरच्या आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये ते सामान काढून द्यायचे. आमच्या अमेरिकन साहेबाची घरची वर्तमानपत्रं महिनाभर उशिरा यायची आणि वाचून झाली की बेअरिंगं गुंडाळायला स्टोअरमध्ये पडायची. त्यांत भाऊंना बेसबॉल सापडला. सामना त्यांनी जन्मात पाहिला नव्हता आणि पाहायची इच्छाही नव्हती. त्यांना वेड होतं ते दर जूनमधल्या निवडीचं. शाळा-कॉलेजातली होतकरू पोरं मोठे संघ आळीपाळीने उचलतात, आणि गेल्या साली तळाला गेलेल्या संघाला सगळ्यांच्या आधी निवडायला मिळतं.

“असा न्याय आपल्याकडे आहे का कुठे?” भाऊ विचारायचे. आम्ही मान हलवायचो. उष्टे हात वाळत असायचे.

साहेबाला त्यांनी एकदा गाठलं आणि अगदी शेवटच्या फेरीत निवडलेल्या एका पोराचं पुढे काय झालं, ते विचारलं. साहेबाने ते नाव ऐकलंच नव्हतं. भाऊ दिवसभर घुश्शात होते. तसली शेवटची नावं कापून त्यांनी स्टोअरच्या कपाटाला आतून चिकटवली होती.

“हीच कशासाठी?” मी विचारलं.

“मुंबईला इंटरव्ह्यूत मीही शेवटचाच. नाव पुकारलं तेव्हा हॉलमध्ये मी आणि पंखा, दोघंच उरलो होतो.”

आता तुम्ही म्हणाल, याचा आमच्याशी काय संबंध? सांगतो. आम्ही कामगार राहायचो त्या तुबलीच्या कॅम्पात आम्हा मराठी मंडळींच्या चार खोल्या होत्या. नवा माणूस आला की बसमधून उतरता उतरता त्याला विचारायचं, “स्वयंपाक येतो का?” येतो म्हणाला की ओढाओढ. एकाच्या बॅगेची मूठच तुटली. तेव्हा भाऊंनी फर्मान काढलं, यापुढे निवड होणार. ज्या खोलीचं जेवण सगळ्यांत वाईट, तिला पहिला माणूस. चव घेणार भाऊ, कारण ते खोटं बोलत नाहीत हे चारही खोल्यांना मान्य होतं.

त्या खेपेला पाच जण येणार होते. त्यांतला एक चिपळूणच्या खाणावळीत आठ वर्षं आचारी होता. बातमी फुटली आणि माझी झोप उडाली. मला तो आचारी हवाच होता, बायकोला पत्रातसुद्धा तसं लिहिलं होतं. कारण आमच्या खोलीत रांधायचे ते भाऊ. हौसेने रांधायचे. आमटीत पाणी, भाताला करपट वास, आणि हळद अशी की बोटं दोन दिवस पिवळी. हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. आता ते त्यांनी स्वतःच, स्वतःबद्दल, चारचौघांत बोलायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी भाऊ चव घ्यायला निघाले. एक नंबरने डाळीत दोनदा मीठ घातलेलं. दोन नंबरने भात जाळलेला. चार नंबरने तर भेंडीत साखर ओतली होती. भाऊंनी सगळीकडे घास घेतला, वर पाणी प्यायले आणि आमच्या खोलीत येऊन स्वतःचीच आमटी भुरकली. मग पुन्हा भुरकली. मी भिंतीकडे बघत राहिलो.

“तीन नंबर,” भाऊ म्हणाले. “खलास.”

एकच गिल्ला झाला. “भाऊ, ही तुमचीच खोली. पक्षपात आहे हा.”

“नाही रे. तुम्ही मुद्दाम बिघडवलंत. आम्ही मनापासून केलंय, आणि तरी हे असं.”

 मग भाऊच आधी हसले.

ताटं घासताना त्यांनी मला हळूच विचारलं, “कधीपासून माहीत होतं?”

“चार वर्षं.”

“बोलायचं नाही का?”

“तुम्ही विचारायचात, आणखी वाढू का? नाही म्हणवायचं नाही, भाऊ.”

आचारी आला आणि आम्ही माणसांत आलो. पण शुक्रवारी रांधायची पाळी भाऊंनी सोडली नाही. पुढच्या खेपेला आमचा नंबर अर्थातच शेवटचा. वाट्याला आला तो साधा चहासुद्धा उतू घालवणारा इसम. भाऊ खूश. “शेवटच्या फेरीतला आहे. धीर धरा.” त्याच्या हातचा बरा चहा मी अजून प्यायलेलो नाही.

मग भाऊंचा व्हिसा संपला आणि एका गुरुवारी ते गेले. विमानतळावर मी रडलो, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. भाऊंची पाळी. आचारी कुणाला न विचारता चुलीपाशी गेला. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. ताटात पाहतो तर आमटीत पाणीच पाणी, आणि ही एवढी हळद.

 आचाऱ्याने पळी वर धरली आणि आमच्याकडे बघत राहिला. आज कुणालाच बोलणी बसली नव्हती, तरी आम्ही सगळ्यांनीच ताटं पुढे केली.