एका हाताने मिटणारी बाबागाडी

"वर्षभर पोरगी बसेल, मग आहेच गॅलरीत कांदे ठेवायला," सासूबाई माझ्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. त्यांना वाटलं, मला ऐकू गेलं नाही. मी चार पावलांवर दुधाच्या बाटल्यांच्या कपाटाकडे तोंड करून उभी होते आणि पाच महिन्यांची आमची मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती.

नवरा हसला. "आई, अठरा हजारांच्या गाडीत कांदे?"

"म्हणूनच म्हणतेय, पाच हजारांची घे. कांद्यांना काय कळतंय!"

विनोद चांगला होता. तो चांगला आहे हे मला समजलंही. त्या दिवसांत तसंच व्हायचं, विनोद समजायचा आणि हसू यायचं नाही. मी बाटल्यांवरची लेबलं वाचत राहिले.

रविवार होता. आम्ही नाशिक रोडहून कॉलेज रोडच्या त्या दुकानात आलो होतो, वाटेत द्वारकेच्या चौकात पाऊण तास अडकून. दुकानाची एक अख्खी भिंत बाबागाड्यांची होती. दुकानातली मुलगी त्यांना स्ट्रोलर म्हणत होती, सासूबाई बाबागाडी म्हणत होत्या, आणि दोघींचं छान जमलं होतं. ती मुलगी माझ्याच वयाची असेल. मला मॅडम म्हणायची, सासूबाईंना काकू.

तिने दोन गाड्या पुढे काढल्या होत्या. एक पाच हजारांची, निळी, जाड नळ्यांची. दुसरी अठराची, करड्या रंगाची, दिसायला अगदी साधी. "मॅडम, ही सहाच किलोची आहे. बाळ कडेवर असलं तरी एका हातानं मिटते. तुम्ही करून बघा ना." मी मुलीला डाव्या खांद्यावर सरकवलं आणि उजव्या हाताने दांड्यावरचं बटण दाबलं. गाडी छत्रीसारखी मिटली. मी ती उचलली. एवढ्या हलक्या वस्तूला अठरा हजार का, ते मला लगेच कळलं. सासूबाईंना कळायचं कारण नव्हतं. त्यांच्या दृष्टीने महागाची वस्तू जड असायला हवी.

"प्लास्टिकच आहे की सगळं," त्या म्हणाल्या.

मी गाडी परत खाली ठेवली. मी फारसं बोलत नाही, हे आमच्या घरात आता सगळ्यांनी धरून चाललेलं आहे. लग्न झाल्यावर सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "इंग्लिश मिडियमची आहे ना, मनातल्या मनात भाषांतर करत असते." त्यात तथ्य आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी अजून अडखळते, आणि भाजीवाल्यासमोर त्या मला मुद्दाम आकडे विचारतात. त्यात दुष्टावा नसतो. मीही एखाद्या वेळी हसते.

पण बाळंतपणानंतर जे झालं त्याचं भाषांतर मला करताच आलं नाही. नर्सने मुलीला माझ्या हातात दिलं तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, वजन किती. सगळे म्हणाले, धीराची आहे पोरगी, रडली नाही, काही नाही. पिंपळगावला माहेरी तीन महिने राहिले, मग नाशिक रोडला आले. मी सगळं वेळच्या वेळी करायचे. पाजणं, ढेकर काढणं, तेल लावणं, लसीच्या तारखा. कुणीतरी आपलं मूल माझ्याकडे ठेवून गेलंय आणि संध्याकाळी न्यायला येणार आहे, तोवर त्याला काही होता कामा नये, अशी मी तिला सांभाळत होते. याला इंग्रजीत शब्द आहेत. मी ते फोनवर वाचले होते आणि लगेच पान बंद केलं होतं. मराठीत ते वाक्य कुणापुढे कसं सुरू करायचं, ते मला माहीत नव्हतं.

एकदाच वेगळं झालं होतं. समोरच्या काकूंच्या नातवाची जुनी बाबागाडी आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये पडून असते. एका रविवारी नवऱ्याने ती खाली नेली आणि आम्ही तिघं कॉलनीत फिरायला निघालो. त्याला कंपनीतून फोन आला, तो बोलत मागे राहिला. मी गाडी ढकलत पुढे गेले, कोपऱ्यावरच्या मेडिकलच्याही पुढे, जिथे स्टेशनवरच्या घोषणा पुसट ऐकू येतात तिथपर्यंत. मुलगी पाठीवर पडून वर बघत होती. वर कडुलिंब होता. पानं हलली की तिचे डोळे हलायचे. मी तिच्याकडे बघत होते आणि बराच वेळ माझ्या लक्षातच आलं नाही, की मी काही मोजत नाहीये. दूध किती वेळापूर्वी प्यायली, कधी झोपली, काहीच नाही. मग नवरा आला, "चला" म्हणाला, आणि ते संपलं.

मला ते परत हवं होतं. बाकी काही हवं असल्याचं मला आठवत नाही. चार वाजता तिला गाडीत घालायचं आणि त्या झाडापर्यंत जायचं. बरोबर कुणी असलं की मी त्यांच्याशी काय बोलायचं याचा विचार करते, त्यामुळे एकटीनेच जायचं.

आमचा फ्लॅट सासरे नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला असताना घेतलेला आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एका मंगळवारी सासूबाई भिशीला गेल्या तेव्हा मी प्रयत्न केला. मुलगी डाव्या कडेवर, ती जुनी गाडी मिटून उजव्या हातात. दीड मजला उतरले. वळणावर गाडी आपोआप उघडली आणि तिचं एक चाक कठड्याच्या गजांत अडकलं. मी ओढलं, निघेना. कुणाच्या तरी दारामागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मुलगी शांतपणे माझ्याकडे बघत होती. मला भीती वाटली नाही. मी विचार केला, हिला क्षणभर पायरीवर ठेवलं तर दोन्ही हात मोकळे होतील. अगदी थंड डोक्याने मी ती पायरी बघितली, तिची रुंदी बघितली.

मग गाडी तशीच सोडून वर गेले, मुलीला पाळण्यात ठेवलं, परत येऊन चाक सोडवलं आणि गाडी होती तिथे नेऊन ठेवली. त्या पायरीचा विचार मी केला होता, हे रात्रीपर्यंत माझ्या नीटसं लक्षात आलं नाही.

"काय केलंस दुपारभर?" सासूबाईंनी आल्यावर विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

नवी बाबागाडी घ्यायची टूम मात्र माझी नव्हती, माझ्या पप्पांची होती. आमच्याकडे पाळणा आजोळचा असतो. बारशाला पप्पांनी नवा पाळणा घेतला नव्हता, मी ज्यात झोपले तोच रंगवून घेतला होता. सगळ्यांना तो आवडला, पण पप्पांच्या मनाला लागून राहिलं की आपण जुन्यावर भागवलं. म्हणून त्यांनी जाहीर केलं, बाबागाडी आजोळची. आणि तिथेच सगळं अवघड झालं. नाही म्हणावं तर त्यांचा अपमान. हो म्हणून महागाची घ्यावी, तर सासूबाईंना वाटणार, लोक म्हणतील व्याह्यांच्या पैशावर हात मारला. स्वतःचे पैसे असते तर त्यांनी दुकानातली सगळ्यात भारी गाडी घेतली असती. वॉशिंग मशीन त्यांनी असंच घेतलं होतं, किंमत न विचारता. पण पैसे पप्पांचे होते, म्हणून त्या पाच हजारांच्या वर जायला तयार नव्हत्या. हा त्यांचा चांगुलपणा होता.

नवऱ्याने पप्पांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. द्राक्षांचा सीझन होता. पप्पा पॅकहाऊसमध्ये होते, मागे खोकी चिकटवायच्या टेपचा चर्र चर्र आवाज येत होता.

"ताई, भारीतली घ्या," पप्पा ओरडूनच बोलत होते. "पैशाकडे बघू नका."

"भाऊ, बाळाला काय कळतंय भारी न् स्वस्त? पाच हजारांत झकास येतेय."

"पाच हजारांत काय येतंय हो! आमची खोकी महाग झाली त्याच्यापेक्षा."

"मग पाठवा एक खोकं, त्यातच बसवू नातीला."

पप्पा मोठ्याने हसले. "नाय नाय, ते काय चालणार नाय. दहाच्या वरची घ्या, नायतर मी टेम्पो घेऊन तिकडं येतो."

"तुम्ही पण ना भाऊ, ऐकायचं नाही म्हणजे नाही." सासूबाईंनी त्या मुलीकडे बघितलं. "मधली काही आहे का गं? दहा-अकराची? म्हणजे यांचंही राहील न् आमचंही राहील."

मधली होती. साडेअकराची. तिला खेळणी लावायचा ट्रे होता, मच्छरदाणी होती, बाटली ठेवायची जागा होती, आणि दांडा उलटा केला की ती झोपाळ्यासारखी डुलायची. नवऱ्याने फोनवर तिचं रेटिंग बघितलं आणि मान हलवली. सासूबाईंनी ती डुलवून पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. इतक्या सगळ्या गोष्टी, आणि किंमत अशी की कुणालाच मान खाली घालायला नको.

"वजन किती हिचं?" मी त्या मुलीला विचारलं.

"साडेबारा किलो, मॅडम. एकदम मजबूत."

"वजनाचं कशाला बघतेस?" सासूबाई म्हणाल्या. "हा उचलेल की. एवढा जिमला जातो."

हा सकाळी आठला अंबडला कंपनीत जातो आणि संध्याकाळी साडेसातला येतो. साडेसातला त्या कडुलिंबाची पानं दिसत नाहीत. पण हे असं सांगायचं म्हणजे आधी कडुलिंबाचं सांगायला हवं होतं, आणि त्याच्या आधी बाकीचं सगळं. मी परत बाटल्यांकडे वळले. मला वाईट वाटत नव्हतं. हे ठरलं, असं वाटत होतं. ढकलायची गाडी असेल, ती तिसऱ्या मजल्यावर असेल आणि तिच्यात मुलगी ट्रेवरची खेळणी बघत डुलेल. सगळे म्हणतील, किती शहाणं बाळ आहे. मीही म्हणेन.

दुकानातली मुलगी निळी गाडी भिंतीला लावायला गेली, मग करडी. करडी तिने नुसती दोन बोटांत अडकवून नेली.

"झालं का फायनल?" स्पीकरवरून पप्पांचा आवाज आला. "काय म्हणते आमची माऊ? तिला आवडली का?" माऊ म्हणजे मी.

"तिला काय, तिला सगळं आवडतं," सासूबाई म्हणाल्या. "बिल कर गं पोरी."

खांद्यावर मुलगी जागी झाली. तिने मान मागे घेतली आणि माझ्याकडे बघितलं, जिन्यात बघितलं होतं तसंच, काहीही न मागता. माझा डावा हात अवघडला होता. आता हिला कुठेतरी ठेवावं, असं मला वाटलं, आणि त्याबरोबर ती पायरी डोळ्यांपुढे आली. तिची रुंदी मला अजून आठवत होती.

"पप्पा," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला, शाळेत उभं करून विचारल्यावर निघायचा तसा. "मला ती करडी हवीये. हलकी."

पलीकडे टेपचा आवाज थांबला. "महागातली का? शाब्बास! बघा ताई, माझी पोरगी!"

सासूबाईंचा चेहरा पडला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. दोघांना तेच वाटलं होतं, मला महागाची आवडली. तेवढ्यावर सोडता आलं असतं. गाडी मिळाली असती आणि मला आणखी काही सांगावं लागलं नसतं. पण मग ती गाडी पप्पांचा मान म्हणून घरात आली असती, आणि चार वाजता मी दार उघडलं की सासूबाई चप्पल घालून बरोबर निघाल्या असत्या.

"अगं, पण अठरा हजार!" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वजनासाठी? मी आहे, हा आहे, समोरच्या काकू आहेत. आम्ही काय मेलो का गाडी उतरवायला?"

बिल करणारी मुलगी कीबोर्डवर हात ठेवून थांबली होती.

"आई, तुम्ही सगळे आहात," मी म्हणाले. "पण मला रोज थोडा वेळ हिला घेऊन एकटीनं बाहेर जायचंय. मला बरं वाटत नाहीये, बाळ झाल्यापासून."