एकाच टेम्पोतले कुकर

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते.

निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. सर्जापूर रोडच्या आतल्या बाजूला एका ठाण्याचा मी निरीक्षक होतो. भागात नळाचं पाणी पोचलेलं नव्हतं. सगळी वस्ती टँकरवर. सकाळची हजेरी चालू असताना एका बाईंचा फोन आला. "कल्याण मंटपात लग्न नाही, तरी टेम्पो रिकामा होतोय," एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला.

छाप्यात प्रेशर कुकर सापडले. खोक्यांवर एका उमेदवाराचा फोटो. माणूस म्हणून हाती लागला तो फक्त मंटपाचा रखवालदार. पन्नाशीचा, चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातला. ठाण्यात तासभर तो "गोत्तिल्ला, ठाऊक नाही" याखेरीज काही बोलेना. माझा अनुभव असा, की घाबरलेला माणूस दरडावल्याने अधिकच मिटतो. मी कॉफी मागवली आणि कन्नड सोडून मराठीत विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

त्याने दचकून वर पाहिलं. "तुम्ही आपल्यातलेच का, अण्णा?"

मग तो बोलू लागला. "मागची खोली बघितली नाही तुम्ही. तिथल्या खोक्यांवर दुसऱ्या उमेदवाराचा फोटो आहे. दोघांचा माल एकाच टेम्पोतनं आला. पाठवणारेही एकच."

"कोण?"

"टँकरमालकांची संघटना. कोणीपण निवडून येऊ दे, नळ येऊ नये."

मागची खोली उघडली. तो खरं सांगत होता. मंटपाच्या बुकिंगची पावतीही संघटनेच्याच नावाची निघाली.

मी वरिष्ठांना कळवलं. ते शांतपणे म्हणाले, "माल आहे, आरोपी आहे. सरी, ठीक आहे, एवढं पुरे. संघटनेचं नाव कशाला?" त्यांनी धमकी दिली नाही. बढतीची यादी निघायची होती, याची आठवणही करून दिली नाही. ती मलाच होती.

मी जबाब नव्याने लिहिला. मागच्या खोलीतला माल बेवारस दाखवला. पावती कागदपत्रांना जोडली नाही. रखवालदाराने न वाचताच सही केली. "तुम्ही लिहिलंय, मग वाचायचं काय?"

त्याला दंड झाला, नोकरी गेली. दोघांतला एक उमेदवार निवडून आला. टँकर चालूच राहिले.

निवृत्तीनंतर चामराजपेटेत एका लग्नात तो भेटला. बायकोला हाक मारून म्हणाला, "हेच ते साहेब. यांच्यामुळे दंडावर सुटलो." बाईंनी वाकून नमस्कार केला. खरं काय ते तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी आशीर्वाद दिला.

निवडणुकीत पैसा आपला माणूस जिंकावा म्हणून लावतात, असं मी समजत असे. हुशार लोक तो दोन्हीकडे लावतात; मग कोणीही जिंकला तरी हरतो तो मतदार. पण त्या दोन उमेदवारांसाठी संघटनेला निदान खर्च तरी करावा लागला. मी त्यांना फुकट मिळालो.