न दिलेला इसार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – आईलासुद्धा नाही.

आमचं घर म्हणजे सहा महिने उसाच्या फडावरची कोपी आणि उरलेले सहा महिने पुणतांब्यात लोकांच्या पडवीत. चूल आमची, भिंत त्यांची. त्यातून मी बी.कॉम. झाले – घराण्यातली पहिली! बाबांनी आळीभर पेढे वाटले आणि मी... मी जरा जास्तच फुगले. आता लपवायचं कशाला?

त्याच साली थॉमस गुरुजींनी गावठाणातली त्यांची जागा विकायला काढली. बाबांशी बोलणं पक्कं झालं. फडावर निघताना बाबांनी इसाराचे पैसे माझ्या हातात ठेवले. "आजच दे बरं का. इसार पडला की जागा आपली. तवर न्हाई."

गुरुजी ओट्यावर वाटच बघत होते. "आण पोरी, कागदावर दोन ओळी लिहून देतो." दोन ओळी? मी पदवीधर असताना? म्हटलं, "नको गुरुजी, मी रीतसर इसारपावती टाईप करून आणते, मगच पैसे." ते हसले. "आण, पण लवकर. दुसरं गिऱ्हाईक फेऱ्या मारतंय."

मग काय विचारता! चार दिवस मी ती पावती नवरीसारखी सजवली. चतुःसीमा, अटी, शर्ती, 'लिहून देणार', 'लिहून घेणार'! घेऊन गेले, तर गुरुजींनी दुसऱ्याचा इसार घेतलेला.

इथवरच्या मूर्खपणाला मी आज पोट धरून हसते. पण पुढचं? बाबांना मी फोनवर सांगितलं – इसार द्यायला गेले होते, गुरुजींनीच घेतला नाही, जास्त देणारा भेटला म्हणाले. धडधडीत खोटं.

हंगाम संपवून बाबा परत आले आणि भर बाजारात, मी सोबत असताना, वांग्यांच्या पाटीपाशी त्यांनी गुरुजींना गाठलं. "काय गुरुजी, शब्द काय भावानं इकला?"

गुरुजींनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं – आणि त्यांना कळलं हे मलाही कळलं. "वांगी ताजी आहेत, घ्या," एवढंच म्हणाले. मी खाली मान घालून पिशवीत वांगी भरत राहिले. तेव्हा तोंड उघडलं असतं तर काय, पदवी काढून घेतली असती कुणी?

यंदा आम्ही दुसरी जागा घेतली. बोलणं झालं त्याच दिवशी मी इसार देऊन मोकळी झाले. आता दोन खोल्या उभ्या आहेत, पुढे ओटा, उताऱ्यावर आईचं नाव. वास्तुशांतीला अख्खी आळी जेवली, बाबा स्वतः बुंदी वाढत फिरत होते. गुरुजींना तेवढं बोलावणं गेलं नाही. बाबा नको म्हणाले, आणि मी गप्प बसले.